विमानाची सैल बिजागरी

माझ्या नावावर विमानाचा कारखाना आहे. हसायचं काम नाही. सरकारदरबारी तशी नोंद आहे, शिक्क्यासकट. कारखान्यात आजवर एकच विमान तयार झालं आणि गिऱ्हाईकही एकच मिळालं, ते म्हणजे आमचे हे. पण एका लेकराची आई ही आईच असते ना? मग एका विमानाची कारखानदारीण कारखानदारीण का नाही?

त्याचं असं झालं. ह्यांनी गाडीच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं तेव्हा हे नोकरीत होते, आणि नोकरदाराला दुसरा उद्योग करायची बंदी. म्हणून कागदावर निर्माता म्हणून माझं नाव लागलं आणि मालक म्हणून ह्यांचं. आता कुणी म्हणेल, नावापुरती कारखानदारीण. तर तसंही नाही. विमानाचा पत्रा रिव्हेटांनी जोडतात. बाहेरून एकानं ठोकायचं असतं आणि आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो, नाहीतर रिव्हेट बसत नाही. हे बाहेरून ठोकायचे आणि मी शेपटाच्या पोकळीत अंग चोरून बसून ठोकळा धरायची. ठोकणाऱ्याचा आवाज होतो, म्हणून लोक त्याला कारागीर म्हणतात. धरणाऱ्याचे नुसते कान बधिर होतात. संसारातही असंच असतं, पण तो विषय काढला तर विमान राहील बाजूला.

तर मुद्दा बिजागरीचा, आणि तो काढला विहीणबाईंनी. माझ्या लेकीच्या ह्या सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. शाळा सुटली, छडी सुटली नाही. मी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. कधी बोलून दाखवत नाहीत. नुसतं माझ्याशी बोलताना सोपे सोपे शब्द वापरतात. ह्याहून मोठा अपमान निदान मला तरी माहीत नाही.

एका रविवारी मीच त्यांना हौसेनं गावाबाहेरच्या मैदानावर विमान दाखवायला नेलं. बाईंनी सगळीकडून फिरून पाहिलं, "रंग छान दिलाय हो," म्हणाल्या. दोन माणसांच्या श्रमाच्या विमानाला बाईंनी भिंत समजून शाबासकी दिली. तीही मी पदरात घेतली. मग जाता जाता त्यांनी पंखाच्या मागच्या कडेला बोट लावलं.

तिथं एक लांब फळी असते. ती वरखाली झाली की विमान कलतं आणि वळतं. ती पंखाला बिजागरीनं जोडलेली असते. पेटीच्या झाकणाला असते तशी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब बिजागरी, आणि तिच्या मधून ओवलेली तार.

"हे हलतंय हो," विहीणबाई म्हणाल्या.

"ते हलायचंच असतं," मी म्हटलं. "न हललं तर वळणार कसं?"

"तसं नाही. हलायचंय तेवढं हलून झाल्यावर हे आणखी हलतंय. आमच्या न्हाणीघराच्या दाराचं झालं होतं असं. मी त्याच दिवशी बदलून घेतलं."

हे हसत हसत पुढे आले. फळी दोन बोटांत धरून हलवली. खडखड वाजली. पुन्हा हलवली, पुन्हा खडखड. मग ह्यांचं हसू उतरलं, आणि ह्यांचं हसू उतरलं की मला विमानातलं काही कळावं लागत नाही. परत येताना म्हणाले, "भोकं झिजून लांबट झालीत. वाऱ्यात फडफडायला लागली तर फळी पंखाला घेऊन जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे उडायचं नाही."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. उडायला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि डॉक्टरांनी ह्यांचे डोळे नि छाती तपासून यंदाचा दाखला देतानाच सांगितलं होतं, "काका, हा शेवटचा. पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका, मला नाही म्हणायला आवडत नाही." म्हणजे काय उडायचं ते वर्ष संपायच्या आत. विमान त्याच्या आत उभं राहिलं नाही, तर ह्यांचं उडणं तिथंच संपलं.  ह्यांनी दुसऱ्याच दिवशी टेम्पो करून फळी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली.

बिजागरी ही फार वाईट वस्तू आहे. इंजिन बिघडलं असतं तर आमच्या इमारतीतले लोक दोन हात लांब उभे राहिले असते. पण बिजागरी प्रत्येकाच्या घरी असते, आणि ज्याच्या घरी दार आहे तो त्या विषयातला जाणकार असतो. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी मेणबत्ती घासायला सांगितली. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, तारेवर रेशमी दोरा गुंडाळा, माझ्या मशीनचं मी तेच केलंय. कुणी म्हणालं कागदाची घडी सारा. विहीणबाईंनी माझ्या जावयाच्या हाती साबणाची वडी पाठवली, वर निरोप, "सोपं आहे, नुसतं घासायचं." सोपं! जेवायला बसलं की फळी मध्ये, त्या बाजूला हे, ह्या बाजूला मी. मीठ मागायचं तर टेबलाला वळसा घालून यावं लागे. आमची सूनबाई नोकरीवरून दमून येते. ती एकदाच म्हणाली, "आई, विमानात बसून जेवतात असं ऐकलं होतं. विमानावर जेवणारे आपणच."

सगळ्यांत धोकादायक निघाले तळमजल्याचे दंतवैद्य. माणूस चांगला, पण कुठलंही भोक दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. त्यांनी भिंग लावून बिजागरी तपासली आणि म्हणाले, "वहिनी, हा दाताचाच प्रकार आहे. कीड लागून भोक मोठं झालं. एकतर भरायचं, नाहीतर जाड दांडी बसवायची."

हे एवढे हट्टी, की वकिलांची मेणबत्ती, शिंपीणबाईंचा दोरा, साबण, सगळं परतवून लावलं. पण 'जाड' ह्या शब्दाला फसले. म्हणाले, "थोडी जाड तार सारून बघायला काय हरकत आहे?"

हरकत पुढे कळली. जाड तार अर्ध्यावर गेली आणि रुतली. पुढे जाईना, मागे येईना. एका टोकाला ह्यांनी पक्कड लावली. दंतवैद्य खाली धावत जाऊन दाढ काढायचा चिमटा घेऊन आले. मी फळी छातीशी कवटाळून धरली, धरायचं काम नेहमीप्रमाणे माझंच. दंतवैद्य म्हणाले, "मोठा आ करा," आणि मग स्वतःच ओशाळले. दोघांनी एकदम जोर लावला. तार सुटली. दंतवैद्य तारेसकट मागे गेले ते धुण्याच्या बादलीत बसले. तारेचं टोक भिंतीवरच्या कपाटाच्या काचेत शिरलं. माझ्या ठेवणीतल्या कपबशा त्यात होत्या. 'होत्या' म्हटलं मी, हे लक्षात घ्या. आणि बिजागरीच्या कड्या मधोमध फाटल्या.

बादलीतून दंतवैद्य म्हणाले, "आता काढूनच टाकावी लागेल."

मग नवीन बिजागरी आली. जुनीपेक्षा जाड, भक्कम, चकचकीत. हे खूश. पण नव्या वस्तूचा एक दुर्गुण असतो. घरात नवा पडदा लावा, भिंत मळकी दिसायला लागते. भिंत रंगवा, खुर्च्या डोळ्यांत खुपतात. हे मी आयुष्यभर सांगत आले, कुणी ऐकत नाही. डाव्या पंखाची बिजागरी नवी झाली आणि उजव्या पंखाची एकदम म्हातारी दिसायला लागली. कालपर्यंत धडधाकट होती, आज तिच्यातही खडखड निघाली. उजवी फळी घरी आली. मग शेपटाची आडवी फळी. मग उभी. आडवी न्हाणीघरात ठेवली, उभी सूनबाईच्या पलंगामागे. थोरला मुलगा एका सकाळी आंघोळ करून आला तो तिच्यावर टॉवेल वाळत घालून. ह्यांनी त्याला असं काही झापलं, की तेवढं तर दहावीला नापास झाल्यावरही झापलं नव्हतं.

एवढं होईस्तोवर ऑफिसचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. विमानाचं एक सरकारी ऑफिस असतं. हे तिथं नुसतं कळवायला गेले, की बिजागऱ्या बदलतोय, तपासायला माणूस पाठवा. तिथल्या कारकुनानं विचारलं, "तशाच की वेगळ्या?" हे पडले सरळ. म्हणाले, "जरा जाड."

"जाड म्हणजे बदल. बदलाला निर्मात्याची संमती लागते. निर्माता कोण?"

"माझी बायको."

"मग त्यांना ऑफिसमार्फत पत्र जाईल."

"अहो, ती घरीच आहे. मी आत्ता जाऊन विचारतो."

"तोंडी चालत नाही," कारकून म्हणाला. "नवराबायकोचं तोंडी असतं, निर्माता आणि मालकाचं लेखी असतं."

हे घरी आले, माझ्या शेजारी बसून चहा प्याले, आणि आम्ही दोघं मिळून त्या पत्राची वाट बघायला लागलो.

पोस्टमननं ते माझ्याच हाती दिलं आणि माझी सही घेतली. सही माझी बघण्यासारखी आहे, शेवटी खाली दोन टिंबं असतात. पत्र सूनबाईनं मोठ्यानं वाचलं. मला वाचता येतं, पण सरकारी मराठी वाचायची म्हणजे खडे निवडत जेवल्यासारखं होतं. त्यात लिहिलं होतं, की निर्मात्यानं दोहोंपैकी एक कारण कळवावं. एक, मूळ भाग सदोष होता. किंवा दोन, मालकाने वापरात हयगय केली.

सदोष! शेपटाच्या भोकात कान बधिर करून घेतले, दर रिव्हेट बोटानं चाचपून बघितला, आणि मी माझ्या हातानं लिहून देऊ, की माझा माल सदोष? उद्या हे विहीणबाईंच्या कानावर गेलं तर? त्या काही बोलणार नाहीत. आणखी सोपे शब्द वापरतील.

"अगं, नुसती सही तर करायचीय," हे म्हणाले.

"मग तुम्ही करा. लिहा हयगय."

"मी? मी दर उड्डाणाआधी तेल घालतो!"

"मग माझी बिजागरी झिजली कशी?"

"अगं, झिजते. वापरली की झिजते."

"तसं लिहायला सांगा त्यांना."

"तसा रकाना नाही!"

भांडण तिथं थांबलं असतं तर बरं. पण ह्यांना नोकरीतली पत्रं लिहायची खोड. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीखाली चिठ्ठी: 'महोदया, आपल्या कारखान्याने पुरवलेल्या बिजागऱ्या झिजल्याचे खेदाने कळवावे लागत आहे. तरी दोष मान्य करून सहकार्य करावे. आपला, मालक.' मी सूनबाईकडून उत्तर लिहून घेतलं आणि ह्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवलं: 'महाशय, आमच्या मालाबद्दल आजवर एकही तक्रार नाही. आपण तेल घातल्याचा पुरावा पाठवावा.' ह्यांचं उत्तर: 'पुरावा म्हणून बनियनवरील डाग पाहावेत.' माझं: 'सदर डाग आम्हीच घासून काढले असल्याने पुरावा नष्ट झाला आहे.'

सूनबाई म्हणाली, "आई, मी दिवसभर एका ऑफिसात राबते आणि घरी येऊन तुमच्या दोघांचं ऑफिस चालवते. निदान मला बढती तरी द्या."

मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस चिठ्ठी आली नाही. गाळणीखाली बघितलं, पोळीच्या डब्याखाली बघितलं. नव्हती. हे टेबलाशी बसून फळीवरून हात फिरवत होते. मीच विचारलं, "काय मालक, आज टपाल नाही?"

"राहू दे," म्हणाले.

"काय राहू दे?"

"सगळंच. वर्ष संपत आलं. फळ्या माळ्यावर टाकू, घर मोकळं होईल तुझं."

माणूस भांडतो तोवर जिवंत असतो. ह्यांच्या तोंडून 'राहू दे' मी कधी ऐकलं नव्हतं. बोहल्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणायची एक संधी असते, तिथंसुद्धा हे 'राहू दे' म्हणाले नव्हते. मी त्याच दुपारी ठेवणीतली साडी काढली आणि न सांगता ऑफिस गाठलं.

कारकून तरुण होता. मला बसायला खुर्ची दिली. म्हणजे आईवडिलांनी शिकवलं होतं, बिघडला तो इथं आल्यावर. मी म्हटलं, "बाळा, वापरून झिजली, एवढंच लिही ना."

"तसं नाही चालत, मावशी. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी जबाबदार असावं लागतं. नाहीतर पुढचं पत्र आम्ही लिहायचं कुणाला?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून तपासनीस साहेब बाहेर आले. त्यांना दार दोन्ही हातांनी उचलून उघडावं लागलं, कारण वरची बिजागरी तुटलेली होती आणि तिच्या जागी सुतळी बांधली होती.

मी म्हटलं, "साहेब, ह्या दाराला तुम्ही काय लिहिलंत? सदोष की हयगय?"

साहेबांनी दार अलगद टेकवलं. म्हणाले, "चौकशी चालू आहे."

"कधीपासून?"

"मी इथं रुजू व्हायच्या आधीपासून."

मला वाटलं, आता मी जिंकले. पण सरकारात कुणी जिंकत नाही, नुसता नंबर पुढे सरकतो. मी म्हटलं, "ठीक आहे, मग हयगयच लिहा. आमचे हे येऊन सही करतील. मी करायला लावते."

कारकून कागद चाळता चाळता म्हणाला, "ते तर येऊन गेले मागच्या सोमवारी."

"कोण?"

"मालक. हयगय माझीच, सही कुठं करू, असं विचारत होते. मीच म्हटलं, काका, हयगय कबूल केली की उडायचा परवाना चौकशी संपेपर्यंत बंद. आणि चौकशा..." त्यानं दाराच्या सुतळीकडे बघितलं. "मग तसेच गेले."

मी गप्प बसले. आयुष्यात फार थोड्या वेळा मी गप्प बसलेय, त्यातली ही एक. घरी मला चिठ्ठ्या लिहीत होते, आणि इथं येऊन... मला एका शब्दानं सांगितलं नाही! बरं, सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा, आणि तो मला कुणी विचारलेला नाही.

"आण तो कागद," मी म्हटलं. पहिल्या रकान्यात खूण केली. सदोष. खाली सही केली, दोन टिंबांसकट. त्या दोन टिंबांनी जे काय सोसलं ते त्यांचं त्यांना माहीत.

कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं. आता ह्या बनावटीच्या सर्व विमानमालकांना सूचना जाईल, की विमानं ताबडतोब बंद ठेवावीत."

"सर्व म्हणजे?"

त्यानं यादी बघितली. "एक."

"अरे, पण बिजागऱ्या तर बदलतोय आम्ही!"

"बदला ना. तपासणीही होईल. पण निघालेली सूचना रद्द करायला समिती बसावी लागते."

"कधी बसते?"

"बसली की बसते."

"वर्ष संपायच्या आत?"

इतका वेळ तो माणूस हसला नव्हता. आता हसला, आणि मनापासून.

"हे सहीच्या आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मावशी."

मी घरी येऊन एवढंच म्हटलं, "चला, ठोकायला घ्या." हे माझ्याकडे बघत राहिले. काय झालं ते ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मैदानावर जाऊन नव्या बिजागऱ्या बसवल्या. हे बाहेरून ठोकत होते, मी ठोकळा धरला. शेपटात आता मी मावत नाही, हात घालून धरावं लागलं, आणि गुडघ्यांनी जी खडखड केली त्यापुढे विमानाची काहीच नव्हती. त्यांचा मात्र दोष कुणाचा, हे मी कुणालाही लिहून देणार नाही.

तपासनीस साहेब आले. चारही फळ्या धरून हलवल्या, ढकलल्या, ओढल्या, कान लावून ऐकल्या. केसभर जास्त हलेना. म्हणाले, "उत्तम काम आहे. रिव्हेट कुणी धरले?"

"सदोष निर्मातीनं," मी म्हटलं.

साहेब जरा वरमले. पास म्हणून सही केली. मग ह्यांना इंजिनाकडे पाठवलं आणि मला बाजूला घेऊन, आभाळाकडे बघत बोलायला लागले. "बाई, दुरुस्ती पास आहे. मी ह्या विमानात माझ्या पोराला बसवीन. पण सूचना टपालात पडलीय. ती मालकाला पोचली की विमान बंद. पोचेपर्यंत मालकाला माहीत नाही, असं नियम धरतो."

"आणि आम्ही ती घेतलीच नाही तर?"

"नाकारली तर पोचली असंच धरतात. टपाल मालकानं घ्यायचं, किंवा घरातल्या वा नात्यातल्या साक्षर मोठ्या माणसानं. तसं कुणीच नसेल तर मात्र ते ऑफिसला परत येतं, आणि परत आलेलं टपाल पुन्हा बाहेर पडायला..." साहेबांनी हात झटकले. "आज वारा छान आहे."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या दाराला काय बांधलंय ते बघता, बरंच चांगला होता.

त्या दिवसापासून हे रोज उडायला लागले. सकाळी जायचे, दुपारी यायचे, तोंडावर वाऱ्याचे ओरखाडे आणि जेवण दुप्पट. मी ह्यांना काही सांगितलं नव्हतं. मालकाला माहीत नाही असं नियम धरत होता, तर नियमाला खोटं कशाला पाडा?

आणि एक दिवस बेल वाजली. हे मैदानावर, थोरला आणि सूनबाई कामावर. घरात मी आणि नेमक्या विहीणबाई. सदोषचं त्यांना कळलं होतंच, मी लेकीजवळ बोलले होते आणि लेकीच्या पोटात काही राहत नाही. "काळजी नका करू हो, चुका सगळ्यांच्या होतात," असं त्यांचं सोप्या शब्दांत चाललं होतं, तेवढ्यात दारात पोस्टमन. हातात लांब सरकारी लिफाफा.

"मालकांच्या नावचं आहे. ते नसतील तर तुम्ही सही करा."

मी लिफाफ्याकडे बघितलं. मग छाती भरून म्हटलं, "मला वाचता येत नाही."

पोस्टमन हसला. "काय काकू! गेल्या खेपेला तुम्हीच सही केली होती. दोन टिंबांची."

"ती कारखान्याची सही. कारखाना शिकलेला आहे. मी अडाणी बाई आहे."

हा शब्द माझ्या बापानं मला लावला नाही, सासूनं लावायचा प्रयत्न केला तर तिला मी तीन वर्षं पुरेल एवढं ऐकवलं होतं. तो मी माझ्या तोंडानं, माझ्या दारात, विहिणीच्या देखत लावून घेतला. पोस्टमननं मान हलवली, आणि त्याची नजर आत गेली. विहीणबाई सोफ्यावर, मांडीवर उघडं वर्तमानपत्र.

"मग ह्या बाई करतील. नात्यातल्या आहात ना?"

"विहीण आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"साक्षर आहात ना?"

 चाळीस वर्षं जिनं पोरांना अक्षरं गिरवायला लावली, तिला हा प्रश्न! विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी काही मागितलं नाही. मागणं माझ्या स्वभावात नाही. पण पदर हातात घट्ट धरला होता, तो त्यांना दिसला असावा.

विहीणबाईंनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी केली. "नाही हो," म्हणाल्या. "मी नुसती चित्रं बघते."

पोस्टमननं एकदा त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, लिफाफ्यावर काहीतरी खरडलं आणि "एवढं मोठं घर आणि एक माणूस शिकलेलं नाही," असं पुटपुटत जिना उतरून गेला.

 मी चहा टाकला. आलं जरा जास्तच घातलं. विहीणबाईंचे उपकार! देवानं ह्याच्यापेक्षा मला तो लिफाफा घ्यायला लावला असता तर एक वेळ परवडलं असतं. बाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "मला आयुष्यात पहिल्यांदा नापास व्हायला लावलंत तुम्ही. त्याची भरपाई म्हणून मला एकदा त्या विमानात बसवा. शेजारची जागा रिकामीच असते ना?"

"रिकामी कुठली?" माझ्या तोंडून निघून गेलं. "ती निर्मातीची जागा आहे. तिथं मी बसते."

"तुम्ही बसता?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"उद्या बसणार आहे. तुमचा नंबर परवा."

त्या जागेवर मी आजवर कधी बसले नव्हते. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं, हे लेक, सून, सगळं घर जाणतं. पण विहिणीसमोर टाकलेला शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही, आणि एका दिवसात दोनदा मान खाली घालायची माझी तयारी नव्हती.

हे दुपारी आले, जेवले. मी आमटी वाढता वाढता सहज बोलल्यासारखं म्हटलं, "उद्या मीही येतेय तुमच्याबरोबर. शेजारी बसायला."

ह्यांचा घास हातात राहिला. पान तसंच ठेवून उठले, हात धुतले, पायांत चपला अडकवल्या.

"अहो, आत्ताच तर आलात. आता कुठं?"

"मैदानावर," हे म्हणाले. "एकदा बिजागऱ्या बघून येतो."